इंपेरिया प्रांत, मुक्काम पोस्ट फिंतास

इटलीचा विषय तुम्ही काढलाच आहे, तर आता सांगूनच टाकतो. नाहीतरी कुवेतमधल्या निम्म्या मराठी घरांना हे ठाऊक आहे. उरलेल्या निम्म्यांना दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं. चहा घ्या. आणि हसायचं असेल तर शेवटी एकदमच हसा, मध्येमध्ये हसलात की मी काय सांगत होतो ते विसरतो.

मी एका कंपनीत इंटर्नल ऑडिटर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा! मी पँट्रीत शिरलो तर लोक बिस्किटंसुद्धा लपवतात. घरातही माझा तोच खाक्या. गॅस बंद आहे का हे मी तीनदा बघतो, आणि तिसऱ्यांदा बघितलं का हे बायकोला, सुजाताला, विचारतो. मी दिवसातून किती वेळा ‘रिस्क’ म्हणतो हे आमच्या अन्वीने एकदा वहीत रेघा मारून मोजलं होतं. दुपारपर्यंत पान भरलं. अन्वी चौदा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर इंग्रजीत येतं.

तर झालं असं, की आमच्या इथल्या मराठी मंडळाने चाळीस जणांची सहल इटलीला न्यायची ठरवली. रोम, व्हेनिस सगळेच करतात. आपण जरा वेगळं करू, म्हणजे समुद्रकाठचा एखादा प्रांत आणि त्याच्या मागच्या डोंगरातली खेडी. इंपेरिया हे नाव मीच शोधून काढलं. फ्रान्सच्या हद्दीला लागून आहे, खाली समुद्र, वर ऑलिव्हच्या बागा आणि त्यांच्याही वर डोंगराला चिकटलेली दगडी गावं. सगळ्यांना पसंत पडलं.

मग प्रश्न आला, सहलप्रमुख कोण?

दोन नावं होती. एक मी. दुसरा लोमटे.

लोमटे आमचा इथला, कुवेतच्या फिंतास भागातला शेजारी, दारासमोर दार. अंबाजोगाईचा माणूस, एका कंपनीत आयटीत आहे. मनाने सोन्यासारखा, भेटेल त्याच्याशी दोन मिनिटांत दोस्ती करतो, पण नियोजनाच्या नावाने शून्य! विमानतळाला निघाल्यावर गाडीत पेट्रोल आहे का ते बघणारा गृहस्थ. अशा माणसाच्या हाती चाळीस जणांचे पासपोर्ट? तुम्हीच सांगा!

आणि खरं सांगू का, मला ते पद हवं होतं. फार हवं होतं. कुणाला सांगितलं नाही, पण आरशासमोर हातात छोटा झेंडा धरून मी दोनदा सरावही केला होता.

म्हणून मी समितीत जाहीर केलं. “ईदच्या सुट्टीला रजा जोडून मी सहकुटुंब इंपेरियाला जातो. आठ दिवस प्रांत पिंजून काढतो, तुम्हाला अहवाल देतो. मग ठरवा!”

आमच्या मंडळाच्या अध्यक्ष घाटगे मॅडम. शाळेत उपमुख्याध्यापिका आहेत, मूळ कोल्हापूरच्या. त्या म्हणाल्या, “ह्याला म्हणतात जबाबदारी.” लोमटेनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी झेंडा माझ्या हातात आला असं मला वाटलं.

व्हिसा झाले. बॅगा भरायला सुरुवात झाली. आणि मला काळजी लागली ती पासपोर्टांची. घरात बॅगा उघड्या, चकलीची पुरचुंडी, लोणच्याची बाटली, अन्वीच्या मैत्रिणींची ये-जा. एखाद्या व्हिसावर तेलाचा डाग पडला तर? रिस्क! मी तिन्ही पासपोर्ट उचलले आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून आलो. रविवारी दुपारचं विमान होतं. सकाळी विमानतळाला जाताजाता काढून घेऊ, वाटेतच तर आहे शाखा.

सुजाता म्हणाली होती, “अहो, घरातच ठेवा ना. माझ्या पर्समध्ये राहतील.”

मी तिला हसलो होतो. हे लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी निघालो. लोमटेच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, आमच्या हातावर दही ठेवलं. मी लोमटेला घराची एक किल्ली दिली. “तुळशीला रोज संध्याकाळी सहाला पाणी. अर्धा तांब्या. जास्त नको, मुळं कुजतात.” लोमटे म्हणाला, “सायेब, तुमी बिनघोर जा. तुळस म्हंजे आपलीच हाय.” टॅक्सी वळेपर्यंत तो हात हलवत होता.

बँकेपाशी पोचलो. दार बंद. दारावर सोनेरी अक्षरांत ईद मुबारक. खाली बारीक अक्षरांत सूचना, की शाखा पुढच्या रविवारी उघडेल.

मी काच वाजवली. का वाजवली, मला विचारू नका. आत कोण असणार होतं?

सुजाता टॅक्सीतून उतरली. तिने सूचना वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

“तुम्हाला आज सुट्टी कशाची आहे?”

“ईदची.”

“मग बँकेला?”

बघा, रजेच्या अर्जावर मी स्वतःच्या हाताने ‘ईदच्या सुट्टीला जोडून’ असं लिहिलं होतं. तारखा तीनदा तपासल्या होत्या. पण मला सुट्टी म्हणजे बँकेलाही सुट्टी, एवढं एक वाक्य या डोक्यात शिरलं नव्हतं. वीस वर्षं ऑडिट करतोय मी!

विमान गेलं. आम्ही एगैलाच्या एका मॉलमध्ये, फूडकोर्टात, तीन मोठ्या बॅगा आणि लोणच्याची बाटली घेऊन बसलो होतो.

“चला घरी. लोमट्यांना सांगून टाकू. हसतील दोन दिवस,” सुजाता म्हणाली.

“हसतील? अगं, पासपोर्ट सांभाळायला गेला आणि सहलीला मुकला, अशा माणसाला सहलप्रमुख करतील का कुणी?”

“नाही करणार.”

“मग आपण इटलीत आहोत!” मी म्हणालो.

“दिस इज सो क्रिंज,” अन्वी म्हणाली.

लोमटे कुटुंब दुपारी जेवायला बाहेर जाणार होतं, ते मला माहीत होतं. ती वेळ साधून आम्ही घरी परतलो. जिन्यापाशी इमारतीचा राखणदार, म्हणजे इथला हारिस, भेटला. त्याने बॅगा बघितल्या, घड्याळ बघितलं. “खलास सफर?”

“खलास,” मी म्हणालो आणि लिफ्टमध्ये शिरलो.

झालं! अशा रीतीने आमच्या इटलीच्या सहलीला सुरुवात झाली.

पहिला नियम, पडदे बंद. दुसरा नियम, आवाज बंद, म्हणजे कुकरची शिट्टी नाही. तिसरा नियम मात्र सुजाताच्या जिव्हारी लागला, तो म्हणजे फोडणी नाही. लसणाच्या फोडणीचा वास जिन्यात गेला की वैशालीवहिनी तीस सेकंदांत दारात वाटी घेऊन उभ्या राहतात, हा अनुभव आहे. त्यामुळे पाव, चीज, टोमॅटो, उकडलेला पास्ता. मी म्हणालो, “इटलीत गेल्यावर इटालियनच खायचं असतं.” सुजाता त्यानंतर चार तास माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळी सहाला कुलपात किल्ली फिरली. आम्ही तिघं बेडरूममध्ये, दाराला आतून कडी. लोमटे फोनवर भावाशी बोलतच आत आला.

“नाई रे, शेजारी इटलीला गेलेत. त्यांच्या तुळशीला पाणी घालायला आलोय. लई काटेकोर माणूस बग, पाणीबी मोजून सांगून गेलाय. आता? माती तर वलीच हाय की!”

निघताना मीच घातलं होतं पाणी. लोमटे विसरला असता तर?

मग आवाज जरा जवळ आला. “आरं, ह्यो एसी चालूच ठिवून गेले! आन म्हणं ऑडिटर!” खट्कन आवाज झाला. एसी बंद. लोमटे पुढे पाऊण तास आमच्या सोफ्यावर बसून भावाशी शेताच्या बांधाबद्दल बोलला आणि आम्ही आत घामाने निथळत होतो. मध्येच डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आमचा चिवडा!

तर दुसऱ्या दिवसापासून मी काम गांभीर्याने सुरू केलं. परत आल्यावर लोक विचारणार, मग आपल्याला गल्लीन् गल्ली माहीत हवी. माझ्याकडे एक्सेलचा तक्ता होताच. सोमवार सकाळी आठ ते नऊ न्याहारी, नऊ ते बारा सान रेमोचा समुद्रकिनारा. अन्वीने मदत केली. माझा फोन हॉलमधल्या पासष्ट इंची टीव्हीला जोडून दिला, म्हणजे फोनवर जे असेल ते जसंच्या तसं टीव्हीवर. फोनवर नकाशा उघडायचा, रस्त्यांचे फोटो सुरू करायचे, रस्त्यावरच्या बाणाला बोट लावायचं, की आपण दहा पावलं पुढे!

पण नुसतं बसून बघायचं? मग चढ किती, दम लागतो किती, हे कसं कळणार? मी जाहीर केलं की चालायचं. बूट, टोपी, पाठीवर सॅक. मी बाणाला बोट लावायचो आणि आम्ही तिघं टीव्हीसमोर जागच्या जागी पावलं टाकायचो. चढ आला की गुडघे वर. खालच्या मजल्यावरचं कुटुंब सुट्टीला गावी गेलं होतं म्हणून निभावलं.

आणि घड्याळं इटलीच्या वेळेवर! एक तास मागे. त्यामुळे जेवण एक तास उशिरा. भूक मात्र कुवेतच्या वेळेवर लागायची.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मंगळवारपर्यंत आम्हाला मजा यायला लागली. दोल्चेआक्वा नावाच्या गावात नदीवर कमानीचा जुना पूल आहे आणि वर पडका किल्ला. सुजाता पुलावर थांबली, म्हणजे गालिच्याच्या कडेला, आणि म्हणाली, “अहो, इथे जरा बसू या ना.” आम्ही बसलो. पाव खाल्ला. अन्वीसुद्धा म्हणाली, “ओके, दिस इज अ‍ॅक्च्युअली प्रिटी.” लग्नानंतर सुजाता माझ्या नियोजनावर खूश झाल्याचा तो बहुधा दुसराच प्रसंग.

फोटोंचं काय, असं तुम्ही विचाराल. मंडळाच्या ग्रुपवर फोटो तर टाकायला हवे! टीव्हीवर समुद्रकिनारा लावला, त्याच्यासमोर आम्ही दोघं टोप्या घालून उभे, आणि अन्वीने तिच्या फोनने क्लिक केलं. टाकला ग्रुपवर. दोन मिनिटांत सतरा अंगठे आणि चार बदाम.

मग घाटगे मॅडमचा निरोप आला. “फोटो छान. मागे रस्त्यावर तो पांढरा बाण कसला?”

नकाशातला बाण! तो टीव्हीवरून फोटोत आला होता!

मी लिहिलं, “मॅडम, इथे पायी चालणाऱ्यांसाठी रस्त्यावर बाण रंगवलेले असतात. बाणाच्या दिशेनेच चालायचं.”

मॅडमचं उत्तर आलं, “ह्याला म्हणतात शिस्त! आपल्याकडे कधी येणार?” खाली बारा जणांनी खेद व्यक्त केला.

बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी सुजाता भिंतीकडे बघत म्हणाली, “मला मोहरी तडतडलेली ऐकायची आहे. खायची नाही. फक्त ऐकायची.” माणूस परदेशात फार दिवस राहिला की असं होतं.

त्याच संध्याकाळी लोमटेचा निरोप आला. “सायेब, उद्या पाचला समितीची मीटिंग आमच्याकडं. पण आमचा एसी बसलाय आन ईदमुळं मिस्त्री यीना. तुमच्या हॉलात घेतली तर चालंल का? विषय: सहलप्रमुख.”

आता नाही म्हणायला कारण काय? आम्ही इटलीत, घर रिकामं. मी लिहिलं, “अवश्य. आपलंच घर समजा.”

गुरुवारी माझा बेत असा, की साडेचारला सगळं आवरून बेडरूममध्ये जायचं. तोवर अप्रिकाले करून घ्यायचं. अप्रिकाले म्हणजे डोंगराच्या माथ्यावर वसलेलं गाव, नुसत्या दगडी गल्ल्या आणि पायऱ्या. आम्ही तिघं अर्ध्या चढावर, गुडघे वर, सुजाता पुढे, आणि पावणेचारलाच कुलपात किल्ली!

लोमटे वेळेच्या आधी आला होता! जन्मात पहिल्यांदा! आणि आमचं घड्याळ इटलीचं, इथे पावणेपाच वाजले होते!

मी फोनचं बटण दाबलं, टीव्ही काळा झाला. सॅकसकट, टोप्यांसकट आम्ही बेडरूममध्ये. कडी. बाहेरून लोमटेचा आवाज, “चहाचं आधीच टाकू या म्हटलं.” मागोमाग वैशालीवहिनी, घाटगे मॅडम आणि समितीतले आणखी तिघं. खुर्च्या सरकल्याचे आवाज. आमचाच चहा, आमच्याच कपांत.

आम्ही तिघं पलंगाच्या कडेला रांगेत बसलो. श्वाससुद्धा हळू.

माझा फोन थरथरला. ग्रुपवर घाटगे मॅडम. “करंदीकर, ऑनलाइन आहात का? मीटिंगमध्ये तुमचं नाव चर्चेत आहे. थोडे प्रश्न होते.”

“जी मॅडम, विचारा. आत्ता आम्ही अप्रिकालेलाच आहोत. सुंदर हवा,” मी लिहिलं. घामाचा थेंब फोनवर पडला.

“तिथे पायऱ्या किती? माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत.”

मी पटकन नकाशा उघडला. चौकापासून वर गेलो, एकेक बाण दाबत, पायऱ्या मोजत. मग ग्रुपवर येऊन लिहायला लागलो. “मॅडमना नाही जमणार. आधी वजन दहा किलो कमी करायला सांगा.” छे, असं कसं पाठवणार? खोडलं. “मॅडमना खालीच चौकात बसवू, म्हणजे बाकीच्यांनाही जरा शांतता.” खोडलं. शेवटी पाठवलं, “पायऱ्या आहेत, पण तुम्ही सहज चढाल मॅडम.”

बाहेर हशा पिकला. चहाबरोबर कुणीतरी विनोद केला असणार, असं मला वाटलं.

आता लोमटेचा प्रश्न. “सायेब, खाण्याचं कसं हाय तिकडं?”

माझ्या बोटांनी आपोआप लिहिलं, “तुला काय खाण्याची काळजी? माझा चिवड्याचा डबा चार दिवसांत तळाला नेलास तू.” बाप रे! मला इटलीत बसून हे कसं कळलं असेल? घाईघाईने खोडलं. पाठवलं, “उत्तम सोय आहे लोमटेसाहेब. सगळं मिळतं.”

बाहेर इतकं हसू फुटलं, की कुणाला तरी ठसका लागला. वैशालीवहिनी “अगं बाई, अगं बाई” करत होत्या.

“काय झालंय त्यांना?” सुजाता कुजबुजली.

“आनंदी मीटिंग आहे,” मी म्हणालो. “चांगलं लक्षण.”

मग घाटगे मॅडमचा शेवटचा प्रश्न आला. “सहलप्रमुख कोण असावं? तुमचं स्वतःचं मत प्रामाणिकपणे लिहा.”

मी लिहायला लागलो, म्हणजे बोटंच लिहीत गेली. “मला व्हायचंय. फार वाटतंय. वीस वर्षं मी लोकांच्या चुका काढतोय. मी आलो की लोक बोलायचे थांबतात. लोमटे आला की लोक खुर्ची सरकवून देतात. एकदा तरी चाळीस माणसं माझ्या मागून आनंदाने चालावीत असं वाटतं.”

वाचून बघितलं. माझी मलाच लाज वाटली. एकेक अक्षर खोडत गेलो. पाठवलं, “मंडळ ठरवेल ते मान्य.”

या वेळी बाहेर कुणी हसलं नाही. कपसुद्धा वाजला नाही.

अन्वीने दाराच्या फटीला डोळा लावला. मग वळली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “युवर फोन इज स्टिल ऑन द टीव्ही.”

“म्हणजे?”

“म्हणजे...” आणि ही पोरगी चक्क मराठीत बोलली हो, “सगळं दिसतंय त्यांना. लिहिलेलं पण. खोडलेलं पण.”

मी बटण दाबलं होतं ना, त्याने फोन झोपला होता. टीव्ही नुसता काळा झाला होता, बंद झाला नव्हता! मी फोन उघडला तेव्हा समितीसमोर पासष्ट इंचांवर माझा फोन उघडला. अप्रिकालेच्या पायऱ्या, मॅडमचं वजन, चिवडा आणि मी. एकेक अक्षर येताना, एकेक अक्षर जाताना! आणि फोन टीव्हीवर दिसतोय म्हणजे फोनवाला घरातच आहे, हे आयटीतल्या लोमटेला कळायला कितीसा वेळ लागणार?

बाहेरून घाटगे मॅडमचा आवाज आला. शाळेत मागच्या बाकाला ऐकू जावा तसा.

“करंदीकर, बाहेर या की आता. चहा गार व्हायलाय.”

कडी काढली. बाहेर आलो. माझ्या डोक्यावर टोपी, पाठीवर सॅक. मागे सुजाता, तिचीही टोपी. तिच्या मागे अन्वी, टोपीने तोंड झाकून. आम्ही तिघं हॉलच्या मधोमध उभे राहिलो.

“कशी झाली सहल?” मॅडमनी विचारलं.

“अजून तीन दिवस आहेत,” मी म्हणालो.

सुजाताने कपाळाला हात लावला. मग सगळं बाहेर आलं. मॅडम विचारत गेल्या, मी उत्तरं देत गेलो.

“पासपोर्ट कुठे आहेत?”

“बँकेच्या लॉकरमध्ये. अतिशय सुरक्षित.”

“आणि बँक?”

“बंद.”

“का?”

“ईदची सुट्टी.”

“आणि तुम्ही रजा कशाला जोडून घेतली होती?”

हा प्रश्न आठवड्यात दुसऱ्यांदा आला होता. उत्तर तेच होतं.

मॅडमनी कप खाली ठेवला. “करंदीकर, तुम्ही ग्रुपवर जे पाठवलंत, ते सगळं खोटं होतं. जे लिहून खोडलंत, ते मात्र एकूण एक खरं होतं. माझ्या वजनासकट.”

धरणीने पोटात घ्यावं तर आम्ही सहाव्या मजल्यावर.

तेवढ्यात लोमटे उठला. त्याचे डोळे जरा ओले दिसत होते, ठसका त्यालाच लागला असणार. “मॅडम, मी माझं नाव मागं घेतो. सायेबाला करा प्रमुख. येवढं मनातून वाटतंय त्यांना. आन गल्ली गल्ली पाठ हाय त्यांची. मला काय, मी मागून चालंन.” मग माझ्याकडे वळून हळूच, “चिवड्याचं मनावर घेऊ नका सायेब. चांगला झालता.”

त्या माणसाला मी जन्मभर बेशिस्त म्हणत आलो होतो. पाणी प्यायला गेलो तर ग्लास त्यानेच पुढे केला.

“असं भावनेवर नाही चालत,” मॅडम म्हणाल्या. “चाळीस माणसांचा प्रश्न आहे. कुणाचं नाव मागेबिगे नाही. मतदान घेऊ या, उघड. चाळीस जणांचे पासपोर्ट ज्याच्या हाती द्यायचेत, तो माणूस लोमटे असावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.”

आधी त्या तिघांचे हात वर गेले. मग वैशालीवहिनींचा, जरा ओशाळत. मग मॅडमचा स्वतःचा. लोमटेने दोन्ही हात खिशात घातले आणि तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

माझ्या बाजूला सळसळ झाली. बघतो तर सुजाताचा हात वर! “तसं नाही हो,” ती म्हणाली, “पण आपले पासपोर्ट माझ्या पर्समध्ये राहिले असते, एवढंच माझं म्हणणं.”

“आय डोन्ट हॅव अ व्होट,” अन्वी म्हणाली आणि तिनेही हात वर केला, “बट स्टिल.”

मॅडमनी बोटाने मोजलं. “आठ.”

आता मी कितीही फजीत झालो असलो, तरी आकडा चुकलेला मला सहन होत नाही. मी म्हणालो, “मॅडम, माफ करा, आठ नाहीत. समितीचे तीन, वैशालीवहिनी चार, तुम्ही पाच, सुजाता सहा, अन्वी सात. आठवा कुठून आणलात?”

मॅडमनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“करंदीकर,” त्या म्हणाल्या, “आधी तुमचा हात खाली घ्या.”